कमरेची चावी

भावडू लोहाराच्या भिंतीवर, मोडक्या विळ्यांच्या आणि बैलांच्या खुरांच्या पत्र्यांच्या मधोमध टांगलेली चावी दोधूभाऊंना दिसली आणि त्यांचा हात आपसूक कमरेकडे गेला. कमरेची चावी जागेवर होती. ती असणारच होती. भिंतीवरची मात्र असायला नको होती. वीतभर लांब, कडीला वाटोळं भोक, तीन दाते आणि मधला दाता अर्धा तुटलेला. ही चावी त्यांनी स्वतः ऐरणीवर ठेवून घणाने चपटी करवली होती, सव्वा वर्षापूर्वी, मामलेदारसाहेबांच्या समोर, रीतसर पंचनामा करून. ज्याला खांदा देऊन आलो, तो माणूस बाजारात वांगी निवडताना दिसावा, तसं त्यांना झालं. ते आले होते अडकित्त्याची खीळ बसवून घ्यायला. बायकोने, कौसाबाईंनी, सकाळी अडकित्ता हातात दिला होता आणि कोर्टातून येताना विसराल म्हणून जातानाच टाका असं बजावलं होतं. अकरा वाजता साक्ष होती. आता नऊ वाजले होते. चैत्रातलं ऊन भट्टीच्या धगीत मिसळून दुकानात दाटलं होतं, भाता सूं सूं करत होता, आणि दोधूभाऊंनी अगदी सहज, जणू वेळ घालवायला, ती चावी कोणाची म्हणून विचारलं. भावडूने मान वर केली नाही. तापलेला फाळ उलटवत तो म्हणाला, "तुम्हना सालानीच शे ना, भाऊ. दसराना दुसरा दिन भिला ऊना व्हता, कणीकना गोयामा ठसा लई. म्हने, बहीणनी पेटीनी चावी दवडी गयी. दोन कऱ्यात, एक जराशी वाकडी व्हयनी, ती ऱ्हाई गयी." मग त्याला काहीतरी आठवून हसू आलं. मधला दाता पुरा करून देतो म्हटलं तर भिला नको म्हणाला होता, तुटका आहे तसाच ठेव, कुलपाला त्याचीच सवय आहे. भावडूने घण मारला आणि फाळातून ठिणग्या उडाल्या. दोधूभाऊंना तो घण हाडांत ऐकू आला, कोणाच्या हाडांत ते त्यांनी त्या घटकेला ठरवलं नाही. अडकित्ता तिथेच ठेवून, चावी मागून घेऊन ते बाहेर पडले. भावडूने तिचे काही पैसे घेतले नाहीत. वाकड्या चावीचं कोण काय घेणार.

दोधूभाऊ तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्डकीपर होते. कचेरीच्या मागच्या अंगाला दगडी भिंतींची, एका खिडकीची खोली होती आणि त्या खोलीत सबंध तालुका लाल फडक्यात बांधून ठेवलेला होता. कोणाची जमीन कुठवर, कोण कसतं, कोण मेलं आणि कोणाचं नाव लागलं, बांध कुठून गेला, विहीर कोणाच्या वाट्याला आली, सगळं. बाहेर माणसं एकमेकांच्या नरडीला लागत, कोयते काढत, आणि शेवटी धापा टाकत या खोलीच्या दाराशी येत. आत कागदावर जे असेल ते खरं. म्हणून दोधूभाऊंना ती खोली गाभाऱ्यासारखी वाटे. आत दिवा न्यायचा नाही, विडी न्यायची नाही, दौत न्यायची नाही. कोणी कोणता कागद पाहिला, किती वाजता पाहिला, कोणाच्या हुकमाने पाहिला, हे दारातल्या वहीत लिहिल्याशिवाय साहेबालासुद्धा आत पाऊल टाकता येत नसे. एका साहेबाला त्यांनी खरोखरच उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं आणि पुढे तीन वर्षं ती गोष्ट ज्याला त्याला ऐकवली होती. चावी त्यांच्या करदोड्याला बांधलेली असे; कुलूप उघडतानाही गाठ न सोडता ते कंबर दाराला टेकून उभे राहत. अंघोळीला, झोपेला, लग्नाच्या पंगतीला, बापाच्या तिरडीपाशीसुद्धा. बाप गेला तेव्हा त्याच्या कमरेचा करदोडा त्यांनीच विळ्याने कापला होता. करदोडा माणसाच्या अंगावरून असा एकदाच कापतात. बापाचा कापताना त्यांच्या स्वतःच्या करदोड्याची चावी बापाच्या थंड पोटाला टेकली होती आणि त्यांना उगाच शरम वाटली होती. शिवाय नुसती चावी असून भागत नसे. मधला दाता तुटल्यापासून ते इंग्रजी अमदानीतलं कुलूप हट्टी झालं होतं. ते हाताने वर उचलून धरायचं, चावी अर्ध्या आट्यावर थांबवायची, मनात एक-दोन म्हणायचं आणि मग फिरवायची. एवढं केलं तरच ते सुटे. ही खूण जगात दोघांनाच ठाऊक होती: दोधूभाऊंना आणि डोंगरसिंग शिपायाला.

निदान दोधूभाऊ असं धरून चालले होते. आता उन्हातून चालताना, चावी कोटाच्या खिशात जड होऊन मांडीवर आपटत असताना, त्यांना गेल्याच्या आधीच्या खंडेनवमीची दुपार दिसू लागली, आणि ती दिसू नये म्हणून त्यांनी रस्त्यावरच्या कापसाच्या गाड्या मोजायला सुरुवात केली. चार गाड्यांनंतर मोजणं थांबलं. त्या घरात बापाच्या वेळेपासून रीत होती, नवमीला ज्याने त्याने आपापलं अवजार पाटावर ठेवायचं. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, पास. बाप म्हणायचा, तू काही नांगर धरत नाहीस, तुझं आऊत म्हणजे ती चावी, ती ठेव. म्हणून वर्षातून एकदा, एकच दिवस, दोधूभाऊ करदोड्याची गाठ सोडत आणि चावी हळदीकुंकवाच्या बोटांत देवापुढे ठेवत. कचेरीला सुट्टीच असे. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली की परत कमरेला. कौसाबाईंनी कणकेचे दिवे केले होते. परातीत कणकेचा एक गोळा उरला होता, घट्ट मळलेला, वर ओलं फडकं. भिला दसऱ्याला बहिणीकडे आला होता. आणि पुरणपोळीवर तुपाची धार पडत असताना दोधूभाऊंनी, अंगात आल्यासारखे, कुलपाची गोष्ट सांगितली होती. चोराच्या हाती चावी पडली तरी तो काय करणार, कुलूप उचलायचं हे त्याला कोण सांगणार? हसून सांगितलं होतं. एक-दोनसुद्धा म्हणून दाखवलं होतं, बोट हवेत फिरवून. भिला फार आदराने ऐकत होता. दाजी म्हणजे कचेरीचे खांब, असं काहीतरी म्हणाला होता. मग सगळे जेवून आडवे झाले. घर घोरत होतं. देवापुढे चावी होती आणि परातीत कणीक होती. काखेत कळसा म्हणतात तो हा, आणि वळसा तरी किती मोठा: सव्वा वर्ष, एक शिपाई, एक बाई आणि एका उजव्या हाताची बोटं.

बोटांचं नाव मनात येताच दोधूभाऊ रस्त्याच्या कडेला थांबले. तंबाखूची पुडी काढली, पुन्हा ठेवली. डोंगरसिंगची बोटं पोलिसांनी मोडली. असंच ठरलं होतं. असंच ते सव्वा वर्ष कौसाबाईंना, सोबतच्या कारकुनांना आणि स्वतःला सांगत आले होते. पौषात दिवलीबाईचा दावा निघाला तेव्हा सगळं उघडकीला आलं. दिवलीबाई म्हणजे तापीकाठी जमीनदार करणसिंगची जमीन कसणारी विधवा. कुळकायदा झाला, कसेल त्याची जमीन झाली, आणि तिच्या नवऱ्याचं नाव पीकपाहणीच्या वहीत सलग सहा वर्षं लागलेलं होतं. एवढंच तिचं सगळं होतं, त्या वहीतलं ते पान. मामलेदारसाहेबांनी वही मागवली. डोंगरसिंगने लाल फडक्याचा बस्ता काढला, गाठ सोडली. गाठ सोडावी तर डोंगरसिंगनेच. वर तोरणमाळकडचा माणूस, अक्षर एक येत नव्हतं, पण कोणता बस्ता कुठे हे त्याला वासावरून कळे, आणि वीस वर्षांची, लाखेने चिकटलेली, उंदराने कुरतडलेली गाठ असली तरी ती त्याच्या लांब काळ्या बोटांत दोन श्वासांत मोकळी होई. दोधूभाऊंची बोटं जाड. त्यांनी नऊ वर्षांत एक गाठ स्वतः सोडली नव्हती. वर्षातून एकदा कमरेची सोडत, तेवढीच. वही उघडली. पान नव्हतं. शिवणीपाशी फाडल्याची एक बारीक केसाळ कड राहिली होती. साहेबांनी आधी वहीकडे पाहिलं, मग दोधूभाऊंकडे, आणि मग बराच वेळ दोधूभाऊंच्या कमरेकडे. ते पाहणं दोधूभाऊ जन्मात विसरले नसते. कुंपणच शेत खातंय असं त्या नजरेत साफ लिहिलेलं होतं. कुलूप शाबूत, दार शाबूत. म्हणजे चावी असलेला माणूस आणि खूण माहीत असलेला माणूस. चावी कधी कमरेवरून सुटली का, असं साहेबांनी विचारलं आणि दोधूभाऊंनी छातीवर हात ठेवून सांगितलं की कधीही नाही. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. खरोखर त्या क्षणी नवमी त्यांच्या मनात आलीच नाही. देवापुढे ठेवलेली वस्तू हातची सुटते का? देवाला दाखवलेला नैवेद्य कोणी खाल्ला असं म्हणतो का? पुढे पोलिसांत जबाब दिला, सही केली, तेव्हाही आली नाही. निदान तसं त्यांना वाटत होतं. आता उन्हात उभं राहून ते स्वतःला विचारत होते की खरंच आली नव्हती, की आली होती आणि आपण तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्या साहेबासारखं. उत्तर त्यांना माहीत होतं.

आणि बोटं. साहेब गेल्यावर खोलीत ते दोघेच राहिले. दोधूभाऊंनी दार लोटून घेतलं. डोंगरसिंग बस्ता पुन्हा बांधत होता, जणू पान परत येईल म्हणून नीट, चौकोनी. त्यांनी विचारलं, कोणाला दिलं. तो म्हणाला, कोणालाच नाही. पुन्हा विचारलं. तेच उत्तर. दोधूभाऊंच्या डोळ्यांपुढून साहेबांचं ते पाहणं हटत नव्हतं, आपली नोकरी, आपलं नाव, आपली नऊ वर्षं हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत बांधून ठेवतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याचा उजवा हात धरला आणि टेबलावर पालथा दाबला. टेबलावर रूळ होता, रेघा मारायचा, शिसवीचा, दंडगोल. पहिल्या फटक्याला डोंगरसिंगने हात काढूनसुद्धा घेतला नाही, फक्त त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या फटक्याला काहीतरी मोडल्याचा आवाज आला, सुक्या तुराट्या मोडतात तसा. त्या आवाजाने दोधूभाऊंनी थांबायला हवं होतं. त्या आवाजाने त्यांना जोर आला. हे त्यांनी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही, की तिसरा, चौथा, पाचवा फटका मारताना त्यांना मोकळं वाटत होतं, जणू प्रत्येक फटक्याला साहेबांची ती नजर त्यांच्या कमरेवरून थोडी थोडी सरकून या माणसावर जात होती. रुळाला रक्त लागलं. त्यांनी तो खिडकीच्या पडद्याला पुसला आणि मग पोलिसांना निरोप धाडला. पोलिसांनी पुढे त्याला चार दिवस उलटा टांगला, तळपाय फोडले, बरगडी मोडली, ते सगळं खरं. पण बोटं त्यांच्याकडे गेली तेव्हा मोडलेलीच होती. जमादाराने हातावर चिंधी बांधताना दोधूभाऊंकडे पाहून मिशीत हसून घेतलं होतं, आपल्यातलाच निघालास, अशा अर्थी. मग महिन्याभरात दोधूभाऊंनी कुलूप बदलायचं प्रकरण केलं. जुनं कुलूप आणि जुनी चावी फोडून मोडीत काढली. नव्या कुलपाची चावी करदोड्याला सात गाठी मारून बांधली, गाठींवर मेण ओतलं, आणि गेल्या नवमीला ती कमरेवरच ठेवून, नुसतं कमरेला कुंकू लावून पूजा उरकली. कौसाबाईंनी विचारलं होतं, या वर्षी चावी का नाही ठेवत. त्यांनी ताट पुढे ओढून घेतलं होतं.

दिवलीबाईचं त्यांनी फक्त पाहिलं होतं. दावा गेला त्याच्या आठव्या दिवशी करणसिंगच्या माणसांनी भरदिवसा तिच्या उभ्या ज्वारीत बैल सोडले, खोप ओढून पाडली, आणि ती मधे पडली तर पासेच्या दांड्याने डोकं फोडलं. ती कचेरीच्या पायरीवर येऊन बसली होती. लुगड्याचा पदर डोक्याला गच्च गुंडाळलेला, तो काळा झालेला. संध्याकाळी उठून गेली. पायरीवरचा डाग धुवायला शिपाई नव्हता; शिपाई कोठडीत होता. दोन दिवसांनी पावलांनी तो आपोआप गेला. त्याच महिन्यात भिला करणसिंगचा कारभारी झाला आणि त्याच्या दारात फटफटी आली. दोधूभाऊंनी कापसाला भाव बरा लागला असेल असं मनाशी म्हटलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ; चावून कोणाला दाखवायचं?

कोर्ट कचेरीच्याच आवारात होतं. चिंचेखाली चहाचं दुकान, आणि दुकानाच्या मागे, गाड्यांच्या आडोशाला, भिला फटफटीला टेकून उभा होता. दाजींची साक्ष ऐकायला आलो म्हणाला. शर्ट पांढरा, डोक्याला तेल, हातात पानाचा पुडा दोधूभाऊंसाठी आणलेला. दोधूभाऊंनी खिशातली चावी काढून त्याच्यापुढे धरली. भिलाने ती पाहिली. त्याचा चेहरा पडला नाही, नुसता जरा बारीक झाला, हिशेब करताना होतो तसा. मग तो जवळ आला, अगदी हळू, बहिणीच्या मायेने बोलू लागला. "दाजी, देवनापुढे ठेवेल चावी म्हणजे सोडेल व्हस का? तुम्ही खोटं बोलनातच नहीं. तो डोंगरसिंग सहा महिना भोगी आनि परत डोंगरमा जाई. तुम्हनं गयं तर सगळंच जाई. मन्ही बहीणनं बी." दोधूभाऊ ऐकत राहिले, कारण त्यातला एक एक शब्द त्यांचा स्वतःचा होता. सव्वा वर्ष मनात जे घोळत होतं ते कोणीतरी दुसऱ्याच्या तोंडाने, पानाच्या वासासकट, त्यांना परत वाढत होतं. त्यांनी मूठ वळली तेव्हा चावी मुठीतच होती. पहिला ठोसा भिलाच्या तोंडावर बसला आणि चावीचे दाते त्याच्या ओठातून आरपार गेले. फटफटी आडवी झाली. भिला तिच्यावर पडला आणि दोधूभाऊ त्याच्यावर. पन्नाशीच्या, धाप लागणाऱ्या कारकुनाच्या अंगात एवढं काय साठलं होतं कोण जाणे. भिलाचं नाक मऊ झालं, एक दात दोधूभाऊंच्या बोटाच्या पेरात रुतला, तरी हात थांबेना. आणि मग पुन्हा ते आलं. ते मोकळं वाटणं. फटक्याफटक्याला आपल्यावरचं ओझं समोरच्या माणसावर सरकत चालल्याची ती जुनी, गोड, घाणेरडी ओळख. दोधूभाऊंचा हात वरच्या वर राहिला. लोक धावत येत होते. भिला खालून रक्ताच्या गुळण्या करत बहिणीची शपथ घालत होता. दोधूभाऊ उठले, कोट झटकला, आणि रक्ताने बुळबुळीत झालेली चावी खिशात टाकून कोर्टाच्या पायऱ्या चढले.

व्हरांड्यात डोंगरसिंग बसला होता. जामिनावर सुटलेला, उकिडवा, पाठ भिंतीला. उजवा हात मांडीवर पालथा. तर्जनी, मधलं आणि करंगळीजवळचं बोट तिरकी जुळून आली होती आणि वळत नव्हती. दोधूभाऊंच्या कोटावरचं रक्त त्याने पाहिलं आणि नऊ वर्षांच्या सवयीने अर्धा उठला, पाणी आणायला उठावं तसा. मग त्याला आठवलं आणि तो पुन्हा बसला.

आत पुकारा झाला. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी जबाबाचा कागद पुढे केला आणि नेहमीच्या सुरात विचारलं की चावी कधीही कमरेवरून सुटली नव्हती, बरोबर? कोर्टात पंखा नव्हता. माशा दोधूभाऊंच्या हातावर बसत होत्या. त्यांना कौसाबाई दिसल्या, परात, फडकं, फडक्याखालची कणीक. आज संध्याकाळपासून त्या बाईला माहेर नाही आणि महिनाअखेरीला सासरही नाही, हे त्यांना स्पष्ट कळत होतं. "सुटली होती," ते म्हणाले. "मीच सोडली होती." वकिलांनी मान वर केली. दोधूभाऊंनी नवमी सांगितली, पाट सांगितला, जेवताना मारलेली बढाई सांगितली, एक-दोनसुद्धा सांगितलं. खिशातली चावी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावरचं रक्त कागदाला लागलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ती पेन्सिलीने उलटवून पाहिली आणि ही चावी कोणत्या कुलपाची असं विचारलं. तेव्हा वकिलांनी पंचनामा काढला. ते कुलूप तर मोडीत निघालं होतं. खुद्द साक्षीदाराच्या अर्जावरून, साक्षीदाराच्या हस्ताक्षरात, साक्षीदाराच्या समक्ष घणाने फोडून. ही चावी आज जगातलं कुठलंच कुलूप उघडत नव्हती. वकील जरा हसले. म्हणजे आता उरला फक्त यांचा शब्द, आणि शब्द तर यांनी आधी एक दिला होता. दोधूभाऊंना स्वतःचं ते वळणदार अक्षर दुरूनसुद्धा वाचता येत होतं. इतकं चोख काम त्यांनी आयुष्यात दुसरं केलं नव्हतं. चोराचा माग त्यांनी स्वतः पुसून, पंच घालून, शिक्का मारून ठेवला होता. "शब्दच आहे," ते म्हणाले, "पण आणखी एक आहे. आरोपीची बोटं पोलिसांनी मोडलेली नाहीत. मी मोडली. रुळाने. तो काही बोलला नाही म्हणून." जमादार दारात उभा होता; तो पहिल्यांदाच मिशीत हसला नाही.

पुढचं झपाट्याने झालं. भावडूला आणि भिलाला आणायला शिपाई सुटले. मामलेदारसाहेबांना बोलावणं गेलं, ते अनवाणीच आल्यासारखे धावत आले. ज्याने शपथेवर दोन जबाब दिले आणि ज्याच्या मेहुण्याच्या हाती रेकॉर्डाची चावी गेली, त्याच्या कमरेला सरकारी चावी आणखी घटकाभरही ठेवता येत नव्हती. ते बरोबरच होतं, दोधूभाऊ साहेब असते तर त्यांनीही तेच केलं असतं. व्हरांड्यात त्यांना उभं करून जमादाराने हातात बेड्या घातल्या, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की बेड्या घातलेल्या माणसाला कमरेची गाठ सोडता येत नाही. जमादाराने कोट वर केला. करदोड्यावर सात गाठी, वर मेणाचा काळा गोळा. त्याने नखं लावून पाहिली, दातओठ खाल्ले, मग कमरेचा चाकू काढला.

चाकूचं पातं पोटाला लागताच दोधूभाऊ मागे सरले. इतकं सगळं कबूल करून झाल्यावर, नोकरी, बायको, अब्रू, सगळं टेबलावर ठेवून झाल्यावर, त्या सुताच्या दोरीवर त्यांनी बेड्यांचे हात आडवे धरले. त्यांना बापाचं पोट दिसलं. "कापू नका," ते म्हणाले. "करदोडा कापू नका. गाठ सोडा कोणीतरी." कोणी पुढे आलं नाही. तेव्हा भिंतीशी बसलेला डोंगरसिंग उठला. मामलेदारसाहेबांकडे पाहून, परवानगी असल्यासारखा, तो दोधूभाऊंच्या समोर आला आणि गुडघ्यावर बसला. त्याच्या डोक्याचा मोहाच्या तेलाचा वास दोधूभाऊंना आला, खोलीतला, बस्त्यांमधला, नऊ वर्षांचा. त्याने डाव्या हाताने मेण खरवडलं. मग उजवा हात लावला. अंगठा गाठीखाली गेला, करंगळी गेली; मधली तिन्ही बोटं ताठ, तिरकी, दोधूभाऊंच्या पोटावर नुसती आपटत राहिली. तो घाई करत नव्हता. पहिली गाठ जराशी हलल्यासारखी झाली आणि निसटली. त्याने पुन्हा धरली. त्या मोडक्या बोटांचा प्रत्येक स्पर्श दोधूभाऊंना रुळासारखा लागत होता आणि त्यांना वाटत होतं की हे संपू नये. सुटेल. याच्या हातून सुटेल, कितीही वेळ लागो. व्हरांड्यात पंधरावीस माणसं उभी राहून पाहत होती.

बऱ्याच वेळाने डोंगरसिंगने हात काढून घेतला. आपल्या बोटांकडे एकदा पाहिलं, दोधूभाऊंकडे पाहिलंच नाही, आणि उठून जमादाराला वाट करून दिली.

"नहीं व्हत, भाऊसायेब," तो म्हणाला. "कापा."